विश्वास बसतो, मग ठेवला जातो

नवी मुंबईतल्या मराठी उपासनांना मी बरीच वर्षं बसत आलो आहे. नेरुळ, घणसोली, कोपरखैरणे, पनवेल. कुठे मंडळीचं स्वतःचं चर्च आहे, कुठे शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं असतं, तर कुठे सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. नगर, जालना, सोलापूर भागातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं, दाराबाहेर चपलांची रांग, आत पेटी आणि ढोलकी. उपदेश संपत आला की एक वाक्य बहुतेक ठिकाणी ऐकू येतं : देवाने तुमच्याकडे नव्व्याण्णव पावलं टाकली आहेत, शेवटचं एक पाऊल तुमचं आहे, आणि ते तुमच्यासाठी देवसुद्धा टाकू शकत नाही. मग डोळे मिटायचे आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी हात वर करायचा.

अशाच एका रविवारी माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. उपासना संपल्यावर चहा घेताना मी सहज विचारलं, "मावशी, आज पहिल्यांदाच का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा, पाचव्यांदा. दर वेळी घरी गेल्यावर वाटतं, मागच्या वेळचा आपला हात खरा नव्हता."

हा लेख त्या मावशींसाठी आहे. एका पावलाचं ते वाक्य कळकळीने उच्चारलं जातं, याविषयी मला शंका नाही. पण ते शास्त्राला धरून नाही, मंडळीच्या इतिहासाला धरून नाही, आणि ज्या मराठी माणसांच्या साक्षी आपण अभिमानाने सांगतो त्यांच्या अनुभवालाही धरून नाही. शिवाय ते प्रामाणिक माणसाला आयुष्यभर धाकात ठेवतं. म्हणून त्याचं खंडन करणं मला आवश्यक वाटतं.

पूर्वपक्ष

आधी समोरचं म्हणणं त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडू या. खंडन करायचं तर हा शिष्टाचार पाळलाच पाहिजे.

पहिला मुद्दा असा की पवित्र शास्त्र पानोपानी आज्ञा देतं : पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा, मागा, शोधा, आज कोणाची सेवा करणार ते निवडा. आज्ञा केली त्या अर्थी पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे. पांगळ्याला धाव म्हणणं ही क्रूरता झाली. दुसरा मुद्दा असा की विश्वाससुद्धा देवच देत असेल तर माणूस कळसूत्री बाहुली ठरतो, मग त्याच्या प्रेमाला काय किंमत? तिसरा मुद्दा व्यवहाराचा. सगळं देवानेच करायचं तर प्रचार कशाला, प्रार्थना कशाला, मुलांना रविवारच्या शाळेत पाठवायचं तरी कशाला? आणि चौथा अनुभवाचा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी मी ठरवलं. ते मी ठरवलं, दुसऱ्या कोणी नाही.

या चारही मुद्द्यांच्या मुळाशी शास्त्राविषयीची एक समजूत आहे. बायबल म्हणजे माहिती आणि निमंत्रण. देव कोण, पाप काय, ख्रिस्ताने काय केलं हे ते सांगतं. सांगून झाल्यावर त्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. या शहरातल्या आपल्या आयुष्याला हे चित्र फार जवळचंही आहे. इथलं घर सिडकोच्या सोडतीतून येतं. जाहिरात वाचायची, अर्ज भरायचा, अनामत रक्कम भरायची, सही करायची. जाहिरात घर देत नाही. घर मिळण्यासाठी अर्जावर आपलीच सही लागते. तारणाचंही तसंच असेल असं सहज वाटून जातं.

माझा पहिला आक्षेप याच समजुतीवर आहे.

खंडन

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्या प्रत्येक मंडळीत सांगितली जाते, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, 1858 साली जन्मलेली, पुराणं सांगत भावाबरोबर देशभर पायी फिरलेली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला गौरवलं. त्याच शहरात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असणाऱ्या या विदुषीला भाषेची अडचण यायला नको होती. त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला. शैली परकी वाटली, शिकवण परकी वाटली, वाचणं म्हणजे वेळ दवडणं असं वाटलं. पुस्तक मात्र त्यांनी जपून ठेवलं.

पुढे सिलचरला, पती बिपिनबिहारी मेधावींच्या घरी, लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि ती आवडली. पती गेल्यावर 1882 मध्ये त्या पुण्याला आल्या आणि मराठी नवा करार वाचू लागल्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला चालवलेलं पतित स्त्रियांसाठीचं काम त्यांनी पाहिलं आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण इथे थांबतो. रमाबाई थांबल्या नाहीत. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त नव्हता. या आठ वर्षांत त्यांच्या निर्णयात काय कमी होतं? सगळा महाराष्ट्र विरोधात गेला तरी त्या मागे हटल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी सिद्धांतांवर पत्रांतून कसून वाद घातला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. एक पाऊल माणसाचं असेल, तर रमाबाईंनी ते टाकलं होतं आणि त्याची पुरेपूर किंमतही मोजली होती. तरी जीवन आलं नव्हतं. ते 1891 च्या सुमारास आलं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं मरणातून जीवनात कसा आलो हे सांगणारं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि आपण कुठे आहोत ते त्यांना उमगलं. वचन तेच होतं आणि वाचणारी बाईही तीच होती. या वेळी ते वचन आत उतरलं. हा हॅस्लमही पाहण्यासारखा माणूस. 1851 मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी, स्वतः उपदेश करत असताना, स्वतःच्याच तोंडच्या वचनाने त्याचा पालट झाला. पाळक असल्यामुळे माहिती त्याच्यापाशी आधीपासूनच होती.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण वेगळ्या वळणाचं असलं तरी निष्कर्ष तोच निघतो. 1893 मध्ये आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक ख्रिस्ती व्हायचं म्हणून वाचायला बसले नव्हते. वाचेन असा दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनाशी पोचले आणि तिथून सुटणं त्यांना जमेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन वर्षांत पुढे कोण होतं आणि मागून कोण येत होतं? वाचन त्यांचं होतं, ओढ मात्र वचनाची होती.

नीलकंठशास्त्री गोरे तर खंडन करायलाच निघाले होते. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून काशीच्या या तरुण पंडिताने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. ज्या शास्त्रावर प्रहार करण्यासाठी त्याचा अभ्यास केला, त्याच शास्त्राने त्यांना धरलं, आणि 1848 मध्ये जौनपूरला ते ख्रिस्ती झाले. माणूस आधी ठरवतो आणि मग वचन फळ देतं, असा क्रम असता तर गोरे आयुष्यभर विरोधकच राहिले असते. पुढे नहेम्या गोरे म्हणून रमाबाईंच्या विचारांना वळण देणाऱ्यांत ते होते.

आता आज्ञेचा मुद्दा. आज्ञा असेल तिथे शक्ती आधीच असते, हा नियम माणसांच्या आज्ञांना लागू पडतो. देवाच्या आज्ञेचं शास्त्रातलं रूप वेगळं आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'प्रकाश होवो' असं म्हटलं, तेव्हा हुकूम ऐकायला प्रकाश हजर नव्हता. यहेज्केलाला वाळलेल्या हाडांना उद्देशून बोलायला सांगितलं, आणि हाडांना कान नसतात. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू वाळलेल्या हाताच्या माणसाला सांगतो की हात पुढे कर. जे त्याला करता येत नव्हतं नेमकं तेच सांगितलं, आणि त्याने ते केलं. लाजराला कबरेतून बाहेर बोलावलं. या सगळ्या ठिकाणी पाळण्याची शक्ती आज्ञेतूनच येते. पांगळ्याला धाव म्हणणं आपल्या तोंडी क्रूर ठरेल. ज्याच्या शब्दाने पाय सरळ होतात त्याच्या तोंडी ती दया आहे.

हे अनुभवाबाहेरचं वाटत असेल तर घरातलं तान्हं मूल पाहा. मातृभाषा शिकायची असं कोणतंही मूल ठरवत नाही. त्याला एक शब्द कळत नसताना आई त्याच्याशी दिवसभर बोलत राहते. तुला कळायला लागलं की मग बोलेन, अशी अट ती घालत नाही. तिच्या बोलण्यानेच त्याच्यात ऐकणारा माणूस तयार होतो, आणि एक दिवस ते "आई" म्हणतं. ही हाक कोणाची? मुलाचीच. त्याचा आवाज, त्याचा लळा. आईने त्याच्या तोंडात शब्द कोंबला नाही, तरी तिच्या बोलण्याशिवाय तो शब्द कधीच आला नसता. बाहुलीच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. ज्या बोलण्याने आपण बोलते झालो, त्या बोलण्याने आपला आवाज हिरावला असं कोणी म्हणत नाही.

तिसरा आधार इतिहासाचा. एका पावलाची शिकवण हीच मंडळीची जुनी, सर्वमान्य शिकवण आहे असा अनेकांचा समज आहे. तो टिकत नाही. माणसाची इच्छा की देवाची कृपा, या पेलागियस आणि ऑगस्टीन यांच्या वादानंतर 529 मध्ये ऑरेंजच्या सभेने ठरवलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेने होते. 1547 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक सभेनेही पवित्र आत्म्याने आधी दिलेल्या साहाय्यावाचून विश्वास शक्य नाही असंच म्हटलं. ल्यूथरने 1525 मध्ये इच्छेच्या दास्यावर ग्रंथ लिहिला. 1618-19 च्या डॉर्ट सभेने आर्मिनियसच्या अनुयायांना दोष दिला, पण त्या अनुयायांनी 1610 च्या आपल्या निवेदनात कृपेवाचून माणूस काहीच सुरू करू शकत नाही असं आधीच लिहून ठेवलं होतं. वेस्लीही आधी येणाऱ्या कृपेबद्दलच बोलत असे. या पंथांत खोल मतभेद आहेत आणि ते झाकण्याचा माझा हेतू नाही. कृपा नाकारता येते का, ती कोणाला मिळते, यावर ते भांडत आले आहेत. पहिलं पाऊल कोणाचं, यावर मात्र त्यांचं भांडण नाही. आज आपल्या हॉलमध्ये चालणारी पद्धत, म्हणजे उपदेशाच्या शेवटी पुढे बोलावणं आणि त्या क्षणाला नव्या जन्माची खूण मानणं, प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रूढ झाली, आणि चार्ल्स फिनी हे तिच्या प्रवर्तकांतलं ठळक नाव. संजीवन हा चमत्कार नसून योग्य साधनांच्या योग्य वापराचा परिणाम आहे, असं त्याने 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत प्रतिपादलं. आपण जे सनातन समजतो त्याचं वय दोनशे वर्षांच्या आतबाहेर आहे.

इथे एक आपल्या मातीतला वादही आठवतो. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या. एकीने मर्कटन्याय सांगितला : माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लाला तिला घट्ट धरून राहावं लागतं. दुसरीने मार्जारन्याय सांगितला : मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही. आपल्याकडचे ख्रिस्ती उपदेशकही या दोन दृष्टांतांतून एक निवडतात. माझं म्हणणं असं की शास्त्राचा प्रश्न या दोन्ही दृष्टांतांच्या अलीकडचा आहे. दोन्हींत पिल्लू जिवंत आहे हे गृहीत धरलेलं आहे. इफिसकरांस लिहिताना पौल दुसऱ्या अध्यायाची सुरुवात मेलेल्या माणसापासून करतो. मेलेल्या पिल्लाने धरावं की धरू नये, हा प्रश्नच संभवत नाही. त्याला आधी जीव यायला हवा. जीव आला की ते धरेलही आणि धरलंही जाईल.

मंडन

मग जीव कसा येतो? एक पाहिलेली गोष्ट सांगतो. तुर्भ्याच्या धान्यबाजारात जुलैच्या पावसात एकदा गेलो होतो. एका गाळ्याच्या कडेला, भिंतीला टेकवून, हरभऱ्याचं एक पोतं उभं होतं. वरची पन्हळ गळत होती आणि दोन दिवस ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोणपाटाच्या विणीतून पांढुरके मोड बाहेर आले होते, बोटाच्या पेराएवढे. व्यापाऱ्याच्या हिशेबाने माल गेला होता. शेजारी तांदळाचं पोतंही तितकंच भिजलं होतं. तो तांदूळ फुगला होता आणि आंबूस वास येत होता, पण त्यात मोड नव्हता. भाताला मोड येतात, तांदळाला येत नाहीत. सालाबरोबर कोंबही गेलेला असतो.

त्या दोन पोत्यांत मला दोन मतं दिसली. शास्त्र म्हणजे निव्वळ माहिती असेल तर ते तांदळासारखं आहे. पोट भरेल, कोंब फुटणार नाही. कोंब आणायचं काम मग आपल्यावर येऊन पडतं. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात वचनाला अविनाशी बीज म्हणतो आणि विश्वासणाऱ्यांचा नवा जन्म त्या बीजापासून झाला असं सांगतो. याकोबही पहिल्याच अध्यायात म्हणतो की देवाने आपल्या इच्छेने, सत्याच्या वचनाने आपल्याला जन्म दिला. बीजात जीव आहे. पण कोरड्या पोत्यात तो वर्षभर निजून राहतो, जसं संस्कृत बायबल रमाबाईंच्या सामानात राहिलं. पाणी पडावं लागतं. निकदेमाला प्रभूने आत्म्याच्या वाऱ्याविषयी सांगितलं ते याचसाठी. वचनाशिवाय आत्म्याचा दावा करणारा ओल्या मातीत बी न पेरता पिकाची वाट पाहतो. आत्म्याशिवाय वचनाच्या पारायणावर विसंबणारा पोत्यांच्या थप्पीकडे बघत बसतो. दोन्ही चुका आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि पहिली अलीकडे जास्त फोफावते आहे.

माणसाचं काम काय, याचं सर्वांत नेमकं उत्तर मला मार्काच्या चौथ्या अध्यायातल्या त्या लहानशा दृष्टांतात सापडतं जो आपण क्वचितच ऐकतो. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं, आणि ते कसं हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेमका 'आपोआप' असाच आहे. पीक तयार झालं की तो विळा घालतो. शेतकऱ्याला इथे भरपूर काम आहे. पेरणी त्याची, राखण त्याची, कापणी त्याची. कोंब काढणं मात्र त्याचं काम नाही. नगर जिल्ह्यातला कोणताही कोरडवाहू शेतकरी हे आपल्याला समजावून देईल. पेरणी चुकवणारा आळशी, आणि कोंब ओढून काढू पाहणारा वेडा.

कोणी म्हणेल, पेरणाऱ्याच्या प्रसिद्ध दृष्टांतात जमिनी चार प्रकारच्या आहेत, तेव्हा फरक जमिनीनेच पडतो. पडतो, हे मान्य. नाकारणाऱ्याचा दोष शास्त्र नेहमी नाकारणाऱ्यावरच ठेवतं. पण चांगल्या जमिनीतसुद्धा गहू मातीचा होत नाही, बियाचाच होतो. नाश झाला तर जबाबदारी माणसाची, जीवन आलं तर श्रेय देवाचं. शास्त्र ही दोन्ही वाक्यं सारख्याच जोराने म्हणतं आणि दोन्हींना एका सूत्रात बसवून दाखवत नाही. ज्यांना ते सूत्र हवं असतं ते एक वाक्य खोडतात. मी दोन्ही ठेवतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातली लुदिया या दोन्ही वाक्यांचं चालतंबोलतं उदाहरण आहे. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी ही बाई फिलिप्पैत नदीकाठी प्रार्थनेला आली होती. पौल बोलला. तिने लक्ष दिलं. पुढे तिने आग्रह करून प्रेषितांना घरी उतरवून घेतलं. या सगळ्याच्या मधोमध लूक एक वाक्य घालतो : तिचं अंतःकरण प्रभूने उघडलं. पौल बोलला नसता तर तिने लक्ष कशाकडे दिलं असतं? आणि अंतःकरण उघडलं नसतं तर बोलणं नदीकाठच्या वाऱ्यावर गेलं असतं. प्रचार कशाला, या तिसऱ्या आक्षेपाला इथेच उत्तर मिळतं. देव ज्या मार्गाने अंतःकरण उघडतो तो मार्ग म्हणजेच बोललेलं, वाचलेलं, ऐकलेलं वचन. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वास ऐकण्याने येतो असं पौल सांगतो, तेही प्रचारक पाठवण्याच्या संदर्भातच.

आता चौथा मुद्दा, अनुभवाचा. "मी ठरवलं" हे खरंच आहे. पण आपली मराठी याहून बारीक बोलते. आपण "विश्वास ठेवला" म्हणतो, आणि "विश्वास बसला" असंही म्हणतो. पहिल्यात कर्ता मी आहे, दुसऱ्यात विश्वास. डॉक्टरवर, शेजाऱ्यावर, मित्रावर विश्वास कसा आला हे आठवून पाहा. आधी तो बसतो. त्याच्या बोलण्यामुळे, वागण्यामुळे, आपल्या नकळत. मग प्रसंग येतो तेव्हा आपण तो ठेवतो, अवघड असताना, कोणी काही म्हणत असताना. बसलाच नाही तो विश्वास ठेवायला गेलं तर फक्त ओढाताण होते. मावशींची नेमकी हीच ओढाताण होती. न बसलेला विश्वास ठेवण्याची आज्ञा त्यांना पाच वेळा मिळाली, आणि तो बसावा म्हणून वचन ऐकायला दर वेळी मोजकी मिनिटं मिळाली. "बसणे" देवाचं, "ठेवणे" आपलं. आणि ठेवण्याचं बळही त्या बसण्यातूनच येतं. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगोलग कारण देतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो.

भाषेचाच आणखी एक धागा. 'तारण' हा शब्द या शहरात बँकेतही रोज ऐकू येतो. कर्ज हवं तर तारण द्या, म्हणजे घेणाऱ्याने आपली वस्तू अडकवा. शुभवर्तमानात तारण देणाऱ्याकडून येतं. घर घेताना आपण विसार देतो, व्यवहार पक्का करायला. मराठी बायबलमध्ये इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला विसार म्हटलं आहे, आणि तो विसार देवाने आपल्याला दिला आहे. व्यवहार पक्का झाल्याची खूण त्याच्या बाजूने आली आहे. आपला वर केलेला हात ही ती खूण नव्हे.

शेवटी ज्यांना भीती वाटते की असं शिकवलं तर लोक हातावर हात धरून बसतील, त्यांनी रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहावं. कृपेने जीवन मिळालं असं सांगणारी ही बाई केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींची आई झाली. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ दोन दशकं त्यांनी एका कामाला वाहिली : अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं, शहाण्यांच्या संस्कृतप्रचुर मराठीत नव्हे, खेड्यातल्या बाईला ऐकून कळेल अशा भाषेत. मुक्तीतल्याच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले आणि ते छापलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं, आणि 1924 मध्ये ते पूर्ण बायबल बाहेर आलं.

माणसाच्या निर्णयानेच तारण होतं असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी हीच वर्षं माणसांकडून निर्णय वदवून घेण्यात घालवली असती. त्यांनी ती वचन लोकांच्या कानापर्यंत पोचवण्यात घालवली. स्वतःला संस्कृत बायबल कळलं नव्हतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

म्हणून नवी मुंबईतल्या माझ्या पाळकसाहेबांना आणि उपदेशकांना माझी हात जोडून विनंती आहे. शेवटच्या पावलाचं ते वाक्य सोडून द्या. वर झालेले हात मोजू नका. उपासनेत शास्त्राचा एक अख्खा अध्याय सावकाश, मोठ्याने, प्रत्येक रविवारी वाचा, आणि वाचल्यावर थोडं शांत राहा. आणि मावशी, सहाव्यांदा हात वर करण्याआधी घरी योहानाचं शुभवर्तमान उघडा. सुनेला किंवा नातवाला रात्री जेवणं झाल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. विश्वास बसेल, आणि बसला की तो ठेवायला तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.